फ्युचरामाचे चार सिनेमे: चाहत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात पावसाळ्याच्या शनिवारी आम्ही फ्युचरामा या अमेरिकी कार्टून मालिकेचे चाहते एकत्र बसतो. म्हापसा, डिचोली, पेडणे, मडगाव, कुठून कुठून लोक येतात आणि ज्यांना येणं जमत नाही ते मेसेज करतात. मालिकेच्या सुट्या भागांवर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो चार मोठ्या सिनेमांवर, कारण लोक हे चार सिनेमे जितक्या वेगवेगळ्या क्रमाने, वेगवेगळ्या तुकड्यांत बघतात तितकी त्यांची मतं वेगळी होतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ९ पर्यंत गोष्ट फुटत नाही. प्रश्न १० पासून शेवटासकट सगळं उघड आहे, ते ठरवून वाचा.

१. मी फ्युचरामाचा एकही भाग पाहिलेला नाही. हे आहे तरी काय?

फ्राय नावाचा पिझ्झा पोचवणारा मुलगा १९९९ च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये चुकून गोठवला जातो आणि हजार वर्षांनी जागा होतो. तिथे त्याला एकडोळी कॅप्टन लीला, दारू आणि चोरी यांवर जगणारा रोबो बेंडर आणि फ्रायच्याच भावाच्या वंशातले, कितीतरी पिढ्यांनंतरचे म्हातारे प्रोफेसर फार्न्सवर्थ भेटतात. हे सगळे मिळून अंतराळात पार्सलं पोचवतात. मॅट ग्रोनिंग यांची ही निर्मिती. डेव्हिड एक्स. कोहेन यांनी ती त्यांच्यासोबत उभी केली. २८ मार्च १९९९ ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर पहिला भाग लागला. विनोदी आहे, पण विज्ञान वरवरचं नाही. कोहेन भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र शिकलेले आहेत आणि लेखक केन कीलर यांची उपयोजित गणितात पीएचडी आहे. पहिल्या सिनेमात हे पावलोपावली जाणवतं.

२. चार सिनेमे कोणते? क्रम काय?

'बेंडर्स बिग स्कोअर' (नोव्हेंबर २००७), 'द बीस्ट विथ अ बिलियन बॅक्स' (जून २००८), 'बेंडर्स गेम' (नोव्हेंबर २००८) आणि 'इनटू द वाइल्ड ग्रीन यॉन्डर' (फेब्रुवारी २००९). प्रत्येकी दीड तासाला एखाद-दोन मिनिटं कमी. पहिल्याचं आणि चौथ्याचं लेखन कीलर यांचं, दुसऱ्याचं एरिक कॅप्लन यांचं, तिसऱ्यावर एकाहून जास्त लेखकांचा हात फिरला आहे. दिग्दर्शन पहिल्या-तिसऱ्याचं ड्वेन केरी-हिल यांचं, दुसऱ्या-चौथ्याचं पीटर अव्हान्झिनो यांचं. पुढे सोयीसाठी पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असंच म्हटलं आहे.

३. मालिका बंद पडली होती ना? मग मध्येच सिनेमे कसे निघाले?

फॉक्सने ७२ भागांनंतर नवे भाग घेणं थांबवलं. शेवटचा भाग १० ऑगस्ट २००३ ला लागला. त्याआधीही मालिकेची वेळ सारखी बदलायची, खेळाचा सामना लांबला की भाग पुढे ढकलला जायचा, त्यामुळे प्रेक्षकाला ती सापडणंच कठीण होतं. मालिका जगली ती पुनर्प्रक्षेपणावर आणि डिस्कच्या विक्रीवर. २००३ पासून अ‍ॅडल्ट स्विम या वाहिनीवर रात्री उशिरा जुने भाग लागायला लागले आणि डीव्हीडीचे संच खपत राहिले. ते बघून २००६ मध्ये कॉमेडी सेंट्रल वाहिनीसाठी नवे भाग करायचं ठरलं. तेच आधी चार सिनेमांच्या रूपात डिस्कवर आले आणि मग कापून वाहिनीवर गेले.

पहिला सिनेमा सुरू होतो तो याच रागावर. प्रोफेसर सांगतात की 'बॉक्स नेटवर्क'मधल्या मूर्खांनी आपला परवाना रद्द केला होता, आता त्यांनाच काढून टाकलंय. त्या अधिकाऱ्यांची भुकटी करून विकली जाते, हा विनोद पुढेही डोकावतो. फॉक्सची हकिगत माहीत नसेल तर ही सुरुवात लांबलेली वाटते. माहीत असेल तर पहिल्या दोन मिनिटांतच टाळी पडते.

४. हे थिएटरला लागले होते का? पणजीला आले होते का?

नाही. चारही सिनेमे थेट डिस्कवर आले. जुलै २००७ मध्ये सिम्पसन्स या दुसऱ्या कार्टून मालिकेचा सिनेमा थिएटरला लागला, त्याची निर्मितीही ग्रोनिंग यांचीच, म्हणून पुष्कळांची गल्लत होते. २०१४ मध्ये सिम्पसन्स आणि फ्युचरामा एकत्र आले तो सिम्पसन्सचा एक भाग होता, पाचवा सिनेमा नव्हे.

५. अख्खा सिनेमा बघू की चार-चार भागांत? फरक पडतो का?

पडतो, आणि आमच्या मते निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

हे सिनेमे लिहितानाच प्रत्येकाचे चार भाग पडतील असे बेतले होते. चार सिनेमे, सोळा भाग. मार्च २००८ ते ऑगस्ट २००९ या काळात ते भागांच्या रूपात वाहिनीवर लागले. आपल्याकडे जत्रेला देवळासमोर चार अंकी नाटक होतं, तशीच ही रचना आहे: दर बावीस मिनिटांनी कथा एका टोकाला पोचते आणि पडदा पडायची जागा तयार होते. सलग बघताना तिथे पडदा नसतो. एक कथानक संपल्यासारखं वाटतं आणि लगेच दुसरं सुरू होतं. 'मध्येच सिनेमा भरकटतो' ही तक्रार ज्यांच्याकडून येते त्यांनी जवळजवळ सगळ्यांनी तो एका बैठकीत पाहिलेला असतो.

पहिला आणि चौथा सलग बघा. पहिल्यात पहिल्या दहा मिनिटांतल्या बारीक गोष्टी शेवटच्या दहा मिनिटांत परत येतात. मध्ये आठवडा गेला तर ते धागे हातातून सुटतात. दुसरा आणि तिसरा मात्र भागांत बघितलेलाच बरा. दुसऱ्यात एका सिनेमात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिसऱ्याचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा इतका वेगळा आहे की मध्ये चहा घेऊन परत बसलात तर त्याला न्याय मिळतो. जूनमध्ये वीज गेलीच तर बावीस, चव्वेचाळीस किंवा सहासष्ट मिनिटांच्या आसपास थांबलेली बरी!

६. एका ठिकाणी हा पाचवा सीझन म्हणतात, दुसरीकडे सहावा. बरोबर काय?

दोन्ही मोजण्या वापरात आहेत. फॉक्सने ७२ भाग पाच सीझनमध्ये दाखवले, पण ते बनवले होते चार तुकड्यांत. बनवण्याच्या क्रमाने मोजलं तर सिनेमांचे सोळा भाग हा पाचवा सीझन. प्रक्षेपणाच्या क्रमाने मोजलं तर सहावा. यात डिस्कवाल्यांनी आणखी भर घातली आहे. जुन्या भागांच्या संचांवर व्हॉल्यूम १ ते ४ असं छापलं, सिनेमे आपापल्या नावाने निघाले, आणि 'व्हॉल्यूम ५' मध्ये २०१० चे नवे भाग आले. म्हणजे सिनेमांसाठी व्हॉल्यूम ५ घेतलात तर तुम्ही सिनेमांच्या पुढे जाऊन पोचता आणि चौथ्याचा शेवट आपोआप फुटतो. खूण सोपी आहे: ज्या सीझनमध्ये बरोबर सोळा भाग आहेत आणि चार-चार भागांना एकच नाव आहे, तो सिनेमांचा.

७. दुबईहून भावाने डिस्क आणली. घरच्या प्लेअरवर चालत नाही. शिवाय वेष्टनावरची वेळ कमी आहे. सीन कापलेत का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणाऱ्या रीजन कोडमध्ये आहे. भारत रीजन ५ मध्ये येतो. आखाती देश, इंग्लंड, पोर्तुगाल रीजन २ मध्ये, अमेरिका रीजन १ मध्ये. आपल्या गोव्यात घरटी कोणीतरी या देशांत असतं, म्हणून हा प्रश्न सतत येतो. सगळे रीजन वाचणारा प्लेअर असेल तर अडचण नाही. संगणकाच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण सहसा पाचच वेळा, नंतर तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. एका सिनेमासाठी तो बदलण्याआधी विचार करा.

वेळेचं म्हणाल तर बहुधा काहीही कापलेलं नसतं. पाल या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी फिरवायची पद्धत आहे. सगळं चार टक्क्यांनी वेगाने सरकतं, त्यामुळे अठ्ठ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा पंच्याऐंशीच्या घरात येतो. कान तयार असेल तर आवाजही किंचित चढा लागतो.

पहिल्याच्या डिस्कवर 'एव्हरीबडी लव्ह्ज हिप्नोटोड' हा जोडभागही आहे, तो चुकवू नका.

८. चवथीच्या सुट्टीत पोरं घरी असतात. त्यांना दाखवू का?

लहानांना नको. कार्टून आहे म्हणून घरात सरसकट लावू नका. पहिल्यात खलनायक नागडे परग्रहवासी आहेत, दुसऱ्याचा पायाच शरीरसंबंधांच्या विनोदावर आहे, चौथ्यात खून आहेत. दहावी-अकरावीच्या मुलांसोबत बसून बघायला पहिला आणि तिसरा चालतील, असं आमच्यातल्या आईबापांचं मत आहे. दुसरा त्यांना स्वतः मोठं होऊन बघू दे.

९. सिनेमांआधी ७२ च्या ७२ भाग बघायला हवेत का?

बघितलेत तर उत्तमच. वेळ नसेल तर एवढे तरी बघा: अगदी पहिला भाग, 'मदर्स डे', कारण तिसऱ्यातली उद्योगपती मॉम तिथे नीट कळते, 'ज्युरासिक बार्क' आणि 'द व्हाय ऑफ फ्राय', कारण पहिला सिनेमा या दोघांवर उभा आहे, 'किफ गेट्स नॉक्ड अप अ नॉच', किफ आणि एमी या जोडीसाठी, आणि २००३ चा शेवटचा भाग 'द डेव्हिल्स हँड्स आर आयडल प्लेथिंग्ज'. फ्राय आणि लीला यांचं नातं त्या भागात जिथे थांबतं तिथूनच सिनेमे पुढे जातात.

१०. एका वाक्यात सांगा, चौघांत भारी कुठला?

एका वाक्यात सांगायचं तर बांधणीत पहिला. पण त्या उत्तरावर थांबणं आम्हाला पटत नाही.

पहिल्याइतकं घट्ट विणलेलं कथानक फ्युचरामात दुसरं नाही. सगळीकडचे चाहते त्याला वरचा नंबर देतात, तो रास्तच आहे. पण फोंड्यात बसून बघताना चौथा जास्त लागतो. पैसेवाला लिओ वाँग, म्हणजे एमीचे वडील, मंगळावर जुनं कॅसिनो-शहर पाडून नवं बांधतात आणि मग आकाशगंगेचा मोठा तुकडा सपाट करून मिनी-गोल्फचं मैदान करायला निघतात. वाटेत एक जांभळा बटू तारा आहे आणि त्याच्याभोवती जीवसृष्टी आहे. पर्यावरण पाहणीचं काम मिळतं प्रोफेसरांना. ते जातात, बघतात, तिथे सजीव आहेत हे त्यांच्या डोळ्यांसमोर दिसतं, आणि तरीही ते मंजुरी देतात.

हा सीन सुरू झाला की आमच्या खोलीत कोणी हसत नाही. मांडवीतल्या कॅसिनो बोटी आपण रोज पुलावरून बघतो. गोव्याच्या जमीनवापराच्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि २००७ च्या सुरुवातीला तो मागे घ्यावा लागला, हे आमच्यातल्या पुष्कळांनी स्वतः अनुभवलं आहे. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करत असल्याचं जाहीर केलं. सिनेमा आला २००९ मध्ये. लेखकांच्या डोक्यात गोवा नव्हताच, पण अहवालावर सही करणारा हुशार माणूस त्यांनी बरोबर ओळखला आहे. तो दुष्ट नाही. त्याला फक्त काम उरकायचं आहे.

म्हणून आम्ही नंबर लावत नाही. पहिला सगळ्यात चांगला रचलेला, चौथा सगळ्यात जास्त काही सांगणारा, दुसऱ्याची कल्पना सगळ्यात धाडसी आणि तिसरा मित्रांसोबत बघायला सगळ्यात मजेचा. पुरस्कारांकडे बघायचं तर पहिला, दुसरा आणि चौथा या तिघांना घरगुती मनोरंजनाच्या विभागात कार्टूनपटांसाठीचा अ‍ॅनी पुरस्कार मिळाला आहे.

११. पहिल्यातलं टाइम ट्रॅव्हल डोक्यावरून गेलं. नियम काय आहेत?

फ्रायच्या ढुंगणावर एक गोंदण सापडतं. त्यात शून्य आणि एकच्या आकड्यांत एक कोड आहे. तो म्हटला की काळाचा गोल उघडतो. गोल फक्त भूतकाळात नेतो. परत यायचं तर वाट बघत थांबायचं किंवा गोठवून घ्यायचं, दुसरा रस्ता नाही. नागड्या परग्रहवासी ठगांच्या व्हायरसमुळे बेंडर त्यांचा गुलाम झालेला असतो. तो मागे जाऊन इतिहासातला खजिना चोरतो आणि प्लॅनेट एक्सप्रेस या त्यांच्या पार्सल कंपनीच्या इमारतीखालच्या गुहेत शतकानुशतकं बसून राहतो. रोबो असल्याने त्याला ते परवडतं.

मागे गेल्यावर तुमची एक जादा प्रत तयार होऊ शकते. या गोष्टीतला विरोधाभास काळ स्वतःच मिटवतो: जादा प्रतीचा घात ठरलेला. कधी, ते ठरलेलं नाही, पण होणार हे नक्की. सिनेमाचं सगळं दुःख या एका नियमातून येतं. लीलाच्या प्रेमात पडलेला लार्स हा देखणा, समजूतदार माणूस म्हणजे फ्रायचीच भूतकाळात राहिलेली प्रत आहे. लग्नाच्या मांडवात त्याच्यासमोरच कंपनीतल्या हर्मिसच्या प्रतीवर झुंबर कोसळतं. आपलंही हेच होणार हे त्याला कळतं आणि तो लीलाला सोडून जातो, कारण तिला विधवा करायचं नाही. फ्रायला जे कधी जमलं नाही ते लार्सला जमतं. तो तिच्या सुखासाठी मागे हटतो. तोच फ्राय, फक्त बारा वर्षं एकटा राहिलेला.

१२. पण तो कोड मुळात लिहिला कोणी?

कोणीच नाही. शेवटी बेंडर लार्सच्या अंगावरचं गोंदण घेऊन २००० सालात जातो आणि गोठलेल्या फ्रायवर ते उमटवतो. ते फ्रायवर होतं म्हणून लार्सवर होतं, आणि लार्सवर होतं म्हणून फ्रायवर आलं. वर्तुळाला सुरुवात नाही. काही जणांना ही पळवाट वाटते. आम्हाला वाटत नाही, कारण हा सिनेमा कुठेही कोडचा शोध लावल्याचा दावा करत नाही, आणि इतर सगळे धागे तो इतके काटेकोर बांधतो की हा एकच मोकळा सोडलेला धागा विचारपूर्वक सोडलाय हे दिसतं.

१३. सीमोर कुत्र्याचं काय? पहिल्या सिनेमाने 'ज्युरासिक बार्क'ची माती केली असं लोक म्हणतात.

सगळ्यात भावनिक प्रश्न हाच, आणि आमच्यातही यावर एकमत नाही.

२००२ च्या त्या भागात फ्रायला आपल्या कुत्र्याचा जीवाश्म सापडतो. माझ्यानंतर तो पंधरा वर्षांचा होईपर्यंत जगला, म्हणजे मला विसरून सुखात राहिला असणार, असं समजून फ्राय त्याला परत जिवंत करायचं नाकारतो. मग शेवटी आपल्याला दाखवतात: पिझ्झाच्या दुकानाबाहेर सीमोर बसून आहे. उन्हात, पावसात, बर्फात. दुकानातला माणूस म्हातारा होतो, रस्ता बदलतो, कुत्रा तिथेच. हळूहळू डोळे मिटतात.

सिनेमात कळतं की त्या वर्षांमध्ये फ्रायची प्रत, म्हणजे पुढचा लार्स, त्याच दुकानाच्या वर राहत होती. मग सीमोर वाट कोणाची बघत होता? टीका करणारे म्हणतात, ते अश्रू फुकट गेले. पण गोष्ट नीट पाहिली तर हा फ्राय मध्ये एका नारव्हालच्या, म्हणजे छोट्या देवमाशाच्या, मागे उत्तरेकडच्या समुद्रात निघून जातो. लीलू नावाच्या त्या नारव्हालची तो काळजी घेतो, तिला मोकळं सोडतो, तिला तिचा जोडीदार सापडलेला बघतो आणि मग घरी परततो. सीमोरने त्या काळात दाराशी बसून वाट बघितली असं धरलं तर दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून राहतात. फरक एवढाच की या वेळी वाट बघणाऱ्याचा माणूस परत आला. मग २०१२ मध्ये बेंडरच्या हल्ल्यात दुकान उडतं आणि कुत्रा क्षणात दगड होतो.

हे पान लिहिणाऱ्याच्या मते हा बदल योग्य आहे. 'ज्युरासिक बार्क' बघून ज्यांना रात्री झोप लागली नव्हती त्यांच्यासाठी लेखकांनी पाच वर्षांनी हे केलं, आणि जुना भाग पुसला नाही.

१४. दुसरा सिनेमा मला विचित्र वाटला. तुम्ही लोक त्याची एवढी बाजू का घेता?

विचित्र आहेच. पहिल्याच्या शेवटी बेंडरच्या सगळ्या प्रती एकदम बाहेर आल्याने विश्वाला चीर जाते, तिथून हा सुरू होतो. चिरेपलीकडे यीव्हो नावाचा ग्रहाएवढा एकटा जीव आहे. त्याचे तंतू येतात, प्रत्येकाच्या मानेला चिकटतात आणि सगळे त्याच्या प्रेमात पडतात. फ्राय त्याचा धर्मगुरू होतो. इथवर ती भयकथा वाटते. मग ते तंतू नेमकं काय आहेत हे लीलाला कळतं, सगळे संतापतात, यीव्हो माफी मागतो आणि साऱ्या विश्वाला रीतसर मागणी घालतो. भयकथेची प्रेमकथा होते आणि प्रेमकथेची काडीमोडाची गोष्ट.

मत्सराबद्दलचा सिनेमा म्हणून तो बघा. फ्रायची नवी मैत्रीण कोलीन एकाच वेळी अनेक जणांवर प्रेम करते आणि फ्रायला ते पेलत नाही. मग तोच फ्राय यीव्होसोबत साऱ्या विश्वाचा वाटेकरी व्हायला तयार होतो. बेंडरला आपला मित्र हिरावला गेला असं वाटतं आणि तो नरकातून सैन्य आणतो. प्रत्येक पात्र एकाच प्रश्नाशी झगडतंय: ज्याच्यावर माझं प्रेम आहे त्याने इतरांवरही करावं का? उत्तर सिनेमा देत नाही. शेवटी फक्त कोलीन यीव्होकडे राहते, आणि ते बरोबर आहे.

त्याचं दुखणं वेगळं आहे. रोबोंच्या गुप्त संघटनेची गोष्ट मूळ कथेला उशिरा चिकटते, आणि किफचं मरण, त्याचा कॅप्टन झॅप याने त्याचा घेतलेला फायदा आणि मग किफचं परत येणं हे सगळं घाईत उरकलं आहे. दर्जा घसरतो तो इथे. कल्पनेत खोट नाही.

१५. तिसऱ्यातला फाशांचा खेळ माहीत नाही. तरी बघू का?

बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ मध्ये निघालेला खेळ आहे: प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कथा तोंडाने सांगत पुढे न्यायची आणि लढाईचा निकाल फाशावर लावायचा. एवढं पुरे. बेंडर तो खेळताना इतका गुंतून जातो की त्याला वेड लागतं, आणि पुढे सगळेच कॉर्नवुड नावाच्या त्या जादुई दुनियेत जाऊन पडतात. लीला तिथे अर्धी घोडी आहे. तिने हिंसा सोडलीय आणि ती टिकवणं तिला जमत नाही.

तक्रार एकच आणि ती रास्त आहे: नमनाला घडाभर तेल. त्या दुनियेत पोचेपर्यंत निम्मा सिनेमा उलटतो. पण पूर्वार्धात इंधनाची गोष्ट आहे. जहाजांना लागणाऱ्या डार्क मॅटरवर मॉमची मक्तेदारी आहे आणि भाव भडकलेत. सिनेमा आला त्या वर्षी, जुलै २००८ मध्ये, कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं. पेट्रोल पंपावर रांगेत उभं राहून घरी आलेल्या प्रेक्षकाला तो पूर्वार्ध लांब वाटला नसणार.

१६. तिसऱ्याच्या शेवटी कोणाला आदरांजली आहे?

गॅरी गायगॅक्स यांना. प्रश्न १५ मधल्या खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी ते एक. सिनेमा यायच्या आठ महिने आधी, ४ मार्च २००८ ला ते गेले. त्यांनी आधी 'अँथॉलॉजी ऑफ इंटरेस्ट १' या भागात स्वतःलाच आवाज दिला होता.

१७. चौथ्याच्या शेवटी ते कृष्णविवरात गेले का? मेले का?

कृष्णविवर नाही, वर्महोल आहे. सरकारी जहाजं पाठलागावर आहेत, पुढे अवकाशात एक भोक आहे, त्यातून गेल्यावर परत यायची खात्री नाही. सगळे मान्य करतात. फ्राय आणि लीला एकमेकांना मनातलं सांगतात, चुंबन घेतात आणि जहाज आत शिरतं. लेखकांना तेव्हा पुढे काम मिळेल की नाही हे माहीत नव्हतं, म्हणून हा मालिकेचा शेवट म्हणून शोभेल असाच लिहिला. जून २००९ मध्ये २६ नव्या भागांची घोषणा झाली आणि २४ जून २०१० ला 'रीबर्थ' या भागात गोष्ट तिथूनच उचलली गेली. त्यानंतरही मालिका ४ सप्टेंबर २०१३ ला थांबली आणि जुलै २०२३ मध्ये हुलू या ऑनलाइन सेवेवर परत आली.

शेवटांची तुलना करणाऱ्यांना आमची विनंती: चौथ्याचा शेवट बघून निदान एक दिवस थांबा आणि मगच 'रीबर्थ' लावा. लगेच पुढचं लावलं तर त्या चुंबनाचं वजन जातं.

१८. चौथ्यातला नऊ नंबरचा माणूस कोण? आधी पाहिल्यासारखा वाटतो.

पाहिलेलाच आहे. कपड्यावर ९ आकडा असलेला हा माणूस जुन्या भागांच्या गर्दीत मागे उभा दिसायचा, एकही वाक्य न बोलता. चौथ्यात कीलर त्याला समोर आणतात. डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळून फिरणारे वेडगळ लोक खरे शहाणे निघतात आणि हा त्यांच्यातला मुख्य. लोकांच्या मनातले विचार ऐकू यायला लागलेल्या फ्रायला तेच आसरा देतात.

१९. सिनेमांमधलं काय पुढच्या मालिकेत टिकलं?

डार्क मॅटरचं इंधन तिसऱ्याच्या शेवटी निकामी होतं, आणि मॉमचा धाकटा मुलगा इग्नर प्रोफेसरांचा निघतो. या दोन गोष्टी पक्क्या. किफ आणि एमीचं दुसऱ्यातलं लग्न पुढे हवं तसं वापरलं किंवा विसरलं जातं, त्यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. फ्राय-लीला यांचं नातं मात्र प्रश्न १७ मधल्या शेवटानंतर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. २०१० नंतरचे भाग ते दोघं जवळ आलेत हे धरूनच चालतात.

२०. पाहुण्या आवाजांत कोणकोण आहे?

पहिल्यात अल गोर, कूलिओ, मार्क हॅमिल आणि सारा सिल्व्हरमन. अल गोर यांची मुलगी क्रिस्टिन गोर या मालिकेची लेखिका होती. दुसऱ्यात यीव्होचा आवाज डेव्हिड क्रॉस, कोलीनचा ब्रिटनी मर्फी, आणि स्टीफन हॉकिंग स्वतः. तिसऱ्यात जॉर्ज टाकेई. चौथ्यात स्नूप डॉग, आणि सुरुवातीचं कॅसिनोवालं गाणं सेथ मॅकफार्लन यांनी गायलंय.

२१. मी चुकून चौथा आधी पाहिला. सगळं बिघडलं का?

नाही. चौथा आणि तिसरा एकेकटे उभे राहतात. खरी जोडी पहिल्या-दुसऱ्याची आहे. दुसरा आधी बघितला तर ती चीर आली कुठून हे कळत नाही. तेव्हा आता पहिला आणि दुसरा त्याच क्रमाने बघा, मग तिसरा, आणि चौथा पुन्हा एकदा. दुसऱ्यांदा बघताना गर्दीतल्या नऊ नंबरवाल्याकडे आणि प्रोफेसर मंजुरी देतात तेव्हा लीलाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.